रोज पाऊण तास उशिरा

मुलांनो, असं समजा की तुमच्या घराच्या मागच्या दारापासून शंभर पावलांवर समुद्र आहे. दिवसातून दोनदा तो दूर जातो आणि दोनदा परत येतो. दूर गेला की काळे खडक उघडे पडतात, आणि त्या खडकांना चिकटलेली कालवं, म्हणजे खायचे शिंपले, काढायला बायका बादल्या घेऊन निघतात. आणखी असं समजा, की तुम्ही बारा वर्षांचे आहात आणि पाणी कधी परत फिरणार हे तुम्हाला गणिताने सांगता येतं. आता मला सांगा, उद्याची वेळ कुणी विचारली तर तुम्ही भिंतीवरचं कॅलेंडर बघून सांगाल, की जरा ऐटीत, डोळे मिटून, बोटांवर मोजून?

तेजलने बोटांवर मोजलं होतं.

तेजल दांडी गावात राहते. तिचे वडील प्रदीप होडीवर जातात आणि आई कमळी मासळी सुकवते, विकते. तेजलला एक मोठी बहीण होती, विजया, एकोणीस वर्षांची. ती बोईसरच्या एका औषधांच्या कारखान्यात गोळ्यांची पाकिटं भरायच्या कामावर होती. दुसरी पाळी असली की सकाळचा वेळ मोकळा असायचा, मग ती गावातल्या बायकांबरोबर खडकावर जायची.

पाण्याचं गणित तेजलला वडिलांनी शिकवलं होतं. आपल्या किनाऱ्यावर जुन्या लोकांना ते तोंडपाठ असतं. आज कोणती तिथी आहे ते बघायचं आणि तिची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणून तीन वाजता भरती पूर्ण होणार. त्याच्या सहा तास आधी, नऊ वाजता, ओहोटी संपून पाणी परत फिरणार. दुसऱ्या दिवशी पंचमी, म्हणून सगळं पाऊण तास उशिरा. तुम्हीही करून बघा, अवघड नाही. पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे होतात, पण गणित फसवत नाही.

तेजल हे गणित इतकं भराभर करायची की विजयाने तिला ‘पंचांगवाली’ म्हणायला सुरुवात केली. रोज बादली धुऊन उपडी घालताना ती विचारायची, “काय पंचांगवाली, उद्या पानी किती वाजता?”

जानेवारीतल्या एका मंगळवारी तिने असंच विचारलं. दुसऱ्या दिवशी बुधवार होता आणि बुधवारी बोईसरच्या बाजारात कालवांना गिऱ्हाईक असतं. कॅलेंडर तेजलच्या डोक्यावरच खिळ्याला लटकत होतं. पण नुसतं वर बघून सांगण्यात काय मजा? तिने डोळे मिटले. शनिवारी अमावास्या झाली होती. रविवार एक, सोमवार दोन, मंगळवार तीन, बुधवार चार. चतुर्थी. तिने ‘नऊ’ सांगितलं. विजयाने पुन्हा विचारलं, नऊ म्हणजे नऊ ना? तेजल म्हणाली, नऊ म्हणजे नऊ. विजयाने तिच्या कानावर टिचकी मारली आणि ती चुलीकडे गेली.

बुधवारी सकाळी पाच जणी खडकावर गेल्या आणि चार परत आल्या.

खडक आणि किनारा यांच्यामध्ये एक खोल चर आहे. पाणी फिरलं की आधी तो चर भरतो. खडकावर उभ्या असलेल्या माणसाला वाटतं, अजून पायाखाली कोरडं आहे, वेळ आहे. पण मागची वाट तोवर बंद झालेली असते. प्रदीप आणि आणखी सात-आठ जण होड्या घेऊन दिवसभर फिरले. विजया संध्याकाळच्या ओहोटीला खाडीच्या तोंडाशी सापडली.

दहाव्याच्या दिवशी पुढच्या ओटीवर बायका बसल्या होत्या. तेजल मागच्या बाजूला भांडी घासत होती. तेवढ्यात बादलीची कडी वाजली आणि मागून आवाज आला, “काय पंचांगवाली, पानी किती वाजता?”

आवाज रागावलेला नव्हता. रडवेलाही नव्हता. रोज यायचा तसाच आला, कामाच्या घाईतला. तेजलने मान वर न करता बोटांवर मोजलं, कारण हात आपोआपच मोजायला लागले. अमावास्येपासून तेरावा दिवस, म्हणून भरती पावणेदहाला, आणि पाणी फिरणार पावणेचारला. तिने तसं सांगितलंही, मोठ्याने. मग तिच्या हातातलं पातेलं खाली पडलं.

मागे कुणी नव्हतं. बादली भिंतीशी उपडी होती, कोरडी. पण आवाजाने पुन्हा विचारलं, आणि तेजलच्या पावलांना गार लागलं, घोट्यापर्यंत, जसं काही कुणी तिला पाण्यात उभं केलं होतं. तिने खाली बघितलं. पाय कोरडे होते. तिने समुद्राकडे बघितलं. दूर होड्या बांधायच्या खुंटांपाशी पाणी फिरलेलं होतं. चिखलातल्या बारीक ओघळी आता उलट्या, किनाऱ्याकडे वाहत होत्या. घरातल्या घड्याळात तीन वाजले होते.

तीन. पावणेचार नाही.

तेजल घरात गेली आणि तिने कॅलेंडर बघितलं. आजची तिथी त्रयोदशी नव्हती, द्वादशी होती. तिने एक पान मागे उलटलं आणि बोट मागे मागे नेलं. रविवार, प्रतिपदा. सोमवार, द्वितीया. मंगळवार, परत द्वितीया. बुधवार, तृतीया.

कधी कधी एकच तिथी दोन दिवस येते. हे तेजलला माहीत होतं, वडिलांनी तेही शिकवलं होतं. म्हणूनच ते म्हणायचे, बोटांवर मोजू नको, कॅलेंडर बघ. बुधवारी पाणी सव्वाआठला फिरलं होतं. तेजलने विजयाला नऊ सांगितलं होतं.

तिने कॅलेंडर खिळ्यावरून काढलं, जानेवारीचं पान मागे दुमडलं आणि ते परत लटकवलं. ओटीवर येऊन बायकांना पाणी दिलं. कुणाला काही सांगितलं नाही.

त्या दिवसापासून विजया रोज यायला लागली. रोज दिवसाची ओहोटी संपायच्या वेळी, म्हणजे रोज पाऊण तास उशिरा. आधी बादलीची कडी वाजायची, मग प्रश्न, मग पायांना गारवा. उत्तर दिलं तरी ती विचारायची आणि नाही दिलं तरी विचारायची. तीन वेळा विचारून झालं की निघून जायची. तेजलने कानात कापूस घालून बघितला. मग मामाकडे माहीमला चार दिवस राहून बघितलं. माहीमलाही समुद्रच आहे. विजया तिथे वेळेवर आली, मामाच्या वाडीत, विहिरीच्या मागून. मग आत्या म्हणाली, माझ्याकडे ये, वैतरणाला. आत्याचं घर स्टेशनपासून जवळ, खाडीच्या वरच्या अंगाला. समुद्र तिथून दिसत नाही. तेजल पहिल्या दिवशी गणिताने काढलेल्या वेळेला पाय पोटाशी घेऊन बसली. वेळ टळली. काहीच झालं नाही. ती उठून आत्याबरोबर भाजी निवडायला बसली, हसलीसुद्धा. आणि तासाभराने कडी वाजली.

खाडीत वरपर्यंत पाणी पोचायला वेळ लागतो, म्हणून तिथे ते उशिरा फिरतं. विजया पाण्याबरोबर आली होती.

मग तेजलने कुठे जायचं सोडून दिलं. ती रोज सकाळी कॅलेंडर बघायची आणि आज विजया किती वाजता येणार ते काढून ठेवायची. आता ती बोटांवर मोजत नव्हती.

आणखी एक गोष्ट होती. त्या दिवशी खडकावर गेलेल्या बायकांत रखमाबाई होत्या, सगळ्यात म्हाताऱ्या. पन्नास वर्षं त्या खडकावर जात आल्या. त्यांचं घर तेजलच्याच आळीत, पण विजया गेल्यापासून त्या तेजलसमोर येत नव्हत्या. तेजल समोरून दिसली की त्या वळून दुसऱ्या बोळात शिरायच्या. तेजलने ओळखलं, यांना माहीत आहे. विजयाने शेवटी काहीतरी सांगितलं असणार, माझं नाव घेतलं असणार. एक दिवस रखमाबाई आईला सांगतील. मग आई तिच्याकडे कशी बघेल, हा विचार तिच्या मनात यायचा, आणि तिला त्या गार पाण्याची भीती परवडली असं वाटायचं.

तुम्हाला कळलंच असेल, तेजलचं शाळेत लक्ष नव्हतं. तिच्या वर्गाला वर्षाराणी बाई होत्या. बाई लातूरकडच्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे बोईसरला आलेल्या, रोज टमटमने शाळेत यायच्या. समुद्र त्यांनी लग्नानंतर पहिल्यांदा बघितला होता आणि अजून त्या पायसुद्धा बुडवायच्या नाहीत. मार्चच्या पहिल्या आठवड्यात सोमवारी गणिताच्या तासाला त्यांना दिसलं, तेजल लिहिता लिहिता थांबली आणि तिने दोन्ही पाय उचलून बाकावर घेतले. वर्गात साप शिरला तर आपण घेतो ना, तसे. बाईंनी खाली बघितलं, काही नव्हतं. पाच मिनिटांनी तिने पाय खाली सोडले.

मंगळवारी परत. बुधवारी परत. काही शिक्षिका असं बघून लगेच ओरडल्या असत्या. वर्षाराणी बाईंनी फक्त घड्याळ बघितलं आणि वेळा हजेरीपटाच्या मागे लिहून ठेवल्या. सोमवारी सव्वाअकरा. मंगळवारी बारा. बुधवारी पाऊण. गुरुवारी दीड, मधल्या सुट्टीत, डबा खाताना. शुक्रवारी सव्वादोन. बाईंना वाटलं होतं की हा काही आजार असेल. पण रोज नेमका पाऊण तास पुढे सरकणारा आजार त्यांनी कधी ऐकला नव्हता.

शुक्रवारी शेवटच्या तासाला त्यांनी वर्गाला कोडं घातलं. रोज येतं, पण रोज पाऊण तास उशिरा येतं, असं काय? कुणीतरी हळूच पाचवीच्या सरांचं नाव घेतलं आणि वर्ग हसला. बाईही हसल्या. मग मागच्या बाकावरून रूपेश उठला. रूपेशचे वडीलही होडीवरच जातात.

“बाई, तुमी घाटावरच्या, तुमाला नाय कळनार. पानी, दुसरं काय.”

बाईंनी तेजलकडे बघितलं नाही. पण तेजलला कळलं की बाईंनी ओळखलंय.

शनिवारी शाळा सकाळची असते. साडेअकराला सुटली. बाई तेजलला म्हणाल्या, मला हे पाण्याचं गणित येत नाही, मला शिकवशील का? तेजल नाही म्हणू शकली नाही. मोकळ्या वर्गात तिने फळ्यावर तिथी लिहिल्या, पाऊणपट करून दाखवली, सहा तास आधी आणि सहा तास नंतर कसे मोजायचे ते सांगितलं. बाई खरंच शिकत होत्या. दोनदा चुकल्या. तेजलने चूक दाखवली तेव्हा त्यांनी ती खोडून पुन्हा केली. विजया गेल्यापासून तेजल कुणाशी एवढं सलग बोलली नव्हती.

मग बाईंनी ऑफिसातलं कॅलेंडर आणलं. म्हणाल्या, मला काही उदाहरणं घालून बघू दे. त्यांनी मार्चची दोन केली, फेब्रुवारीची दोन केली आणि आणखी एक पान मागे गेल्या. त्यांना काही ठाऊक नव्हतं. त्यांनी बोट ठेवून सरळ विचारलं, “इथे दोन दिवस द्वितीयाच आहे गं. मग अशा वेळी काय करायचं?”

तेजलच्या हातातला खडू फळ्यावर टेकलेला तसाच राहिला. बाईंनी वाट बघितली. बाहेर शिपायाने दोन वर्गांची दारं लावली. शेवटी तेजल फळ्याकडे तोंड करूनच बोलायला लागली. शनिवारची अमावास्या, डोळे मिटून मोजलेली बोटं, नऊ म्हणजे नऊ, दहाव्याच्या दिवसाची कडी, माहीम, वैतरणा. सगळं सांगून झाल्यावर तिने विचारलं, “माझ्यामुळे गेली ना?”

मुलांनो, मोठ्या माणसांना अशा वेळी एक उत्तर फार पटकन सुचतं. नाही गं, तुझ्यामुळे कसं होईल. वर्षाराणी बाईंनाही ते सुचलंच असणार. पण तेजल पाण्याचं गणित करणारी मुलगी होती. तिने उत्तर पडताळून बघितलं असतं.

बाई म्हणाल्या, “मला माहीत नाही, तेजल. मी त्या खडकावर नव्हते. तिथे कोण होतं?”

तेजलने रखमाबाईंचं नाव सांगितलं.

“मग त्यांना विचारायला हवं.”

बाई बरोबर यायला तयार होत्या. तेजल नको म्हणाली. तरी बाई आळीच्या तोंडापर्यंत चालत आल्या आणि एका उलट्या ठेवलेल्या होडीच्या सावलीत बसल्या. त्यांची टमटम निघून गेली. ऊन चढलेलं होतं. होळी जवळ आली होती आणि आळीभर काठ्यांच्या मांडवांवर बोंबील वाळत होते.

रखमाबाई दाराच्या आत बसून जाळ्याचा तुकडा सांधत होत्या. तेजलला उंबऱ्यात बघून त्यांचा हात थांबला. आत जायला दुसरी खोली नव्हती, नाहीतर त्या गेल्या असत्या.

तेजल पाठ करून आणलेलं सगळं विसरली. तिने एवढंच विचारलं की त्या दिवशी विजया मागे का राहिली.

रखमाबाईंनी बसायचा पाट पुढे सरकवला. मग म्हणाल्या, बस. तेजल बसली नाही.

“आमाला घड्याळ नाय लागत, बाय,” रखमाबाई म्हणाल्या. “पानी फिरलं की पायाला कळतं. घोट्याला गार लागतं, येगळं. ते लागलं तशी मी म्हनले, चला. तिघी निघाल्या. मी इजयाला हाक मारली. ती वाकलेली होती. म्हनली, रखमाई, तेजूचं पानी नवाचं हाय, अजून येळ हाय.”

तेजलने दाराची चौकट धरली. हेच ऐकायची भीती तिला दीड महिना वाटत होती. आता ते ऐकून झालं होतं आणि ती अजून उभीच होती.

“मी चुकले होते,” ती म्हणाली. “तेव्हा चतुर्थी नव्हती. तृतीया होती. मी बघितलं नाही.”

रखमाबाईंनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसलं की त्यांना हे ठाऊक नव्हतं. त्या तेजलला टाळत होत्या, पण या कारणासाठी नव्हे.

“आजी, ती माझ्यामुळे थांबली का?”

“थांबली,” रखमाबाई म्हणाल्या. “खोटं नाय सांगत. तुझं नाव घेऊन थांबली. पन तिच्या घोट्यालाबी पानी लागलं होतं तवा. ती हसत होती. पाच वर्सं यायची माज्यासंगती, तिला काय कळत नवतं? एका कपारीत मोठी मोठी कालवं लागली होती तिला. ती टाकून निघवत नवतं तिला. बाईमानसाला असं होतं गं. मला किती डाव झालंय.”

जाळं त्यांच्या मांडीवरून घसरलं, ते त्यांनी उचललं नाही.

“आनि मी? मी निघाले. पन्नास वर्सांत एकीलाबी मागं ठेवून आले नाय मी. हात धरून ओढून आनते, शिव्या देते. त्या दिवशी माजी बादली भरलेली होती. जड होती. म्हनलं, येईल मागनं, तरनी पोर हाय. चर पार केला आनि मग वळून बघितलं. तवा हाका मारल्या. आता रोज मला माजीच हाक ऐकू येते. तुज्या आईच्या समोर जायला पाय धजत नाय माजा. तू दिसलीस की वाटतं, आता ही इचारील, आजी, तू का नाय आनलीस माज्या बहिनीला.”

तेजल खाली बसली. ती पहिल्यांदाच रखमाबाईंचे पाय बघत होती. खडकांनी फाटलेल्या टाचा, एका अंगठ्याला नख नाही. त्या घरात कोपऱ्यात त्यांची कालवांची बादली होती आणि तिच्यात आता सरपण भरलेलं होतं. दीड महिना त्या खडकावर गेल्या नव्हत्या.

“तिने अजून काही सांगितलं होतं?” तेजलने विचारलं.

“नाय. एवढंच. तुजं नाव.”

रखमाबाईंनी तिला पाणी दिलं, गूळ दिला, तो तिने हातात धरून ठेवला. थोड्या वेळाने रखमाबाईंनी विचारलं, घरात कुणाला सांगितलंस? तेजलने नाही म्हणून मान हलवली. तिने विचारलं, तुम्ही? रखमाबाईंनीही मान हलवली. चार बायकांपैकी कुणीच कमळीला सांगितलं नव्हतं की हाक आधी एकदाच मारली आणि मग निघालो. सगळ्यांनी तिला सांगितलं होतं की पाणी अचानक आलं.

तुम्ही समुद्राकाठचे नसलात तरी आता तुम्हाला पाण्याचं गणित येतं. तेव्हा हे तुम्हालाही कळेल, की पाणी अचानक येत नाही. कमळी कोळणीची मुलगी. तिला ते कळत नसेल? ती दीड महिना एक न पटणारी गोष्ट घेऊन रोज मासळी उलटी सुलटी करत होती आणि तिला खरं सांगणारं कुणी नव्हतं.

तेजलच्या मनात हे अगदी असंच आलं की नाही, मी सांगू शकत नाही. ती उठली एवढं खरं. तिने रखमाबाईंना उठायला हात दिला. त्या आधी नको म्हणाल्या. म्हणाल्या, तू जा, मी मग येईन. तेजलने हात मागे घेतला नाही. मग त्या उठल्या.

आळीतून चालताना तीन वाजले. शनिवारी द्वादशी होती. तेजलने सकाळीच काढून ठेवलेली वेळ होती ती. कडी वाजली, कुठून ते कळलं नाही. मागून, अगदी जवळून, आवाजाने विचारलं. तेजलच्या पावलांना गारवा लागला आणि घोट्यापर्यंत चढला. तिने रखमाबाईंकडे बघितलं. रखमाबाईही थबकल्या होत्या आणि त्यांचं तोंड समुद्राकडे होतं. त्यांना काय ऐकू आलं ते तेजलने विचारलं नाही. वाळूत त्यांच्या चपलांच्या खुणा कोरड्या होत्या.

दोघी पुढे निघाल्या.

कमळी घराच्या मागे, मांडवापाशी उभी होती. बोंबील जोडीने काठीवर अडकवलेले असतात, त्यांची बाजू बदलत होती. रखमाबाईंना लेकीबरोबर येताना बघून तिने पदर सारखा केला, पण ती पुढे आली नाही. रखमाबाई मांडवाच्या कडेला काठी धरून उभ्या राहिल्या.

तेजल आईच्या समोर गेली, दोन हातांवर.

“आई, पाणी अचानक नाही आलं,” ती म्हणाली. “मी ताईला नऊ सांगितलं होतं. ते सव्वाआठला फिरलं.”

कमळीच्या हातात बोंबलांची एक जोडी होती. ती तशीच राहिली. ती तेजलकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काय आहे हे तेजलला वाचता येत नव्हतं. राग असता तर वाचता आला असता.

तेजलचे पाय पळायला तयार होते. घरामागून वाट सरळ समुद्राकडे जाते, पळणं सोपं होतं. ती पळाली नाही. तिने घरात जाऊन खिळ्यावरचं कॅलेंडर काढून आणलं, दुमडलेलं जानेवारीचं पान सरळ केलं आणि आईच्या समोर धरलं. मग बोट रविवारवर ठेवून ती पहिल्यापासून सांगायला लागली.